घरातलं मोठं कोण आलंय?

माझ्या खोलीत भर दुपारीही अंधार असायचा. पडदे काळे, खिडकी एकच, तीही कूलर बसवून बुजवलेली. सोनोग्राफीचं करडं चित्र उजेडात नीट दिसत नाही म्हणून हा सगळा बंदोबस्त. पण बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटायचं की आत काहीतरी लपवाछपवी चालते. एका आजीनं तर मला तोंडावर ऐकवलं होतं, "बाई, तुमी अंधारात बसून पाहता, अन् उजेडात आल्यावर काई सांगत नाई." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं आणि पुढच्या नंबरला हाक मारली.

भिलाईत तीसेक वर्षं मी हेच काम केलं. घर दुर्गला, बोरसीत. सकाळी स्कूटर काढायची, नऊला खोलीत शिरायचं, दुपारी डबा खायचा आणि पुन्हा अंधारात जायचं. निवृत्त झाल्यावर आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाकडून निरोप आला की मॅडम, दवाखान्यातले काही गमतीदार अनुभव द्या. मी हो म्हणाले, कारण गमतींना तोटा नाही. लिहायला बसले तेव्हा मात्र हात दुसरीकडेच वळला. त्याला माझा इलाज नाही. तरी दोन गमती आधी देऊन टाकते, म्हणजे संपादकांची तक्रार नको.

गर्भाचं लिंग सांगायला कायद्यानं बंदी आहे, हे भिंतीवर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पण माणसं फार हुशार. एक गृहस्थ रंगाच्या दुकानातलं कार्ड घेऊन आले. म्हणे, "मैडम, कमरा पुतवाना है. गुलाबी लूँ कि नीला?" मी म्हटलं, "चुना मारा. पांढरा छान दिसतो." ते जे रुसून गेले, ते बायकोला आत विसरून गेले. दुसरे होते इथल्या पोलाद कारखान्यातले एक फोरमन. ते बायकोच्या उशाशी उभं राहून माझं यंत्र न्याहाळत होते. म्हणाले, "आमच्याकडे पण रुळाला असंच अल्ट्रासॉनिक लावतात मॅडम. आत भेग आहे का ते पाहायला. भेग निघाली की रूळ बाजूला काढतो. तुम्ही काय करता?" मी मोठ्या ऐटीत उत्तर दिलं, "आम्ही सांगतो. जे दिसलं ते सांगायचं, एवढंच आमचं काम." हे उत्तर मला इतकं आवडलं की पुढे कितीतरी लोकांना मी ते ऐकवलं.

आता या कामात दिसतं काय, ते थोडं सांगते. बाहेरच्यांना वाटतं सोनोग्राफी म्हणजे बाळाचा फोटो. खरं तर ती मोजणी आहे. डोक्याचा घेर, मांडीचं हाड, पोट, मग हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, हात, पाय, बोटं. हे सगळं ठीकठाक बनण्याचा नकाशा आपल्या गुणसूत्रांत असतो. ती शेहेचाळीस, म्हणजे तेवीस जोड्या. निम्मी आईकडून येतात, निम्मी बापाकडून. कधीकधी बीज तयार होतानाच एखादी जोडी नीट सुटत नाही आणि बाळाच्या वाट्याला दोनाच्या जागी तीन येतात. यात कोणाचं पाप नसतं. ग्रहणात कोणी सुरी धरलेली नसते, कोणी पपई खाल्लेली नसते. शिंप्याला बेतलेल्या कपड्यात एक तुकडा जास्तीचा मिळाला आणि त्यानं तो कुठेतरी जोडूनच टाकला, तर खांदा उतरतो, बाही वर चढते, गळा तिरपा होतो. तसंच हे.

एकवीस नंबरची जोडी तिकडी झाली, तर मानेमागची कातडी जाड दिसू शकते, नाकाचं हाड सापडत नाही, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात चपलेच्या पट्ट्याएवढी फट असते. तेरा नंबरची झाली तर ओठ दुभंगलेला, बोटं सहा, आणि मेंदूचे दोन भाग वेगळेच झालेले नसतात. यातली एकटीदुकटी खूण काहीच सांगत नाही. सहावं बोट माझ्या मामांनाही होतं, त्यांनी हौसेनं त्यात अंगठी घातली होती. पण तीन-चार खुणा एका बाळात सापडल्या की मी सावध व्हायचे. तरीही चित्रावरून फक्त संशय घेता येतो. खात्री करायची तर पोटात सुई घालून गर्भजल काढायचं, ते मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं आणि दोन-तीन आठवडे वाट पाहायची.

राहिली गोष्ट सांगण्याची. ज्या सरांच्या हाताखाली मी शिकले, त्यांचा एक नियम होता. टेबलवर पडलेल्या बाईला वाईट बातमी द्यायची नाही. ती ओली, अर्धी उघडी, आधीच घाबरलेली असते. तिला म्हणायचं, कपडे नीट कर, बाहेर बस. मग विचारायचं, घरातलं मोठं कोण आलंय? सासू, सासरे, मोठा दीर, जो कोणी असेल त्याला केबिनमध्ये बसवायचं आणि सगळं सांगायचं. पुढे घरचे तिला त्यांच्या पद्धतीनं सांगतील. मला हा नियम फार सोज्वळ वाटायचा. बाईला जपणारा वाटायचा. आणि खरं सांगू का, सोपाही होता. ज्याच्या पोटात काही नाही, त्याला सांगणं कधीही सोपं.

एकदाच हा नियम मोडला, तोही नाइलाजानं. मोहन नगरातलं एक जोडपं होतं. प्रेमविवाह, दोन्हीकडचे लोक तोंड पाहत नव्हते, तेव्हा मोठं असं कोणी आलंच नाही. त्या दोघांनाच बसवून सांगितलं की एकवीस नंबरचा संशय आहे, हृदयातही दोष आहे. ती दोघं माझ्यासमोर ढसाढसा रडली. तपासणी झाली, संशय खरा निघाला. पंधरा दिवसांनी येऊन म्हणाली, आम्ही बाळ ठेवतो. जन्माआधीच त्यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेची सगळी सोय लावून ठेवली होती. ती मुलगी आज शाळेत जाते, बाजारात दिसली की माझी ओढणी धरून ठेवते आणि सोडत नाही. यातून मी काहीतरी शिकायला हवं होतं. मी म्हटलं, नशीब त्यांचं.

आता पल्लवीचं सांगते. नाव बदललं आहे, आणि तिला विचारूनच लिहिते आहे.

पल्लवी चोवीस वर्षांची, पहिलटकरीण. एकोणीस आठवडे झाले होते. सोबत सासरे आले होते, हटवार काका. मूळचे भंडाऱ्याकडच्या खेड्यातले. शेती भावाकडे सोडून भिलाईत आले आणि कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झाले. अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन. सुनेची फाइल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती. फाइलवर फोन नंबर त्यांचाच. नवरा शिफ्टमध्ये, सासूचे गुडघे दुखायचे, म्हणून सुनेला प्रत्येक वेळी तेच आणायचे. बाकावर तिला पंख्याखाली बसवून स्वतः उभे राहिले होते. असा सासरा पाहिला की मला बरं वाटायचं.

आत आल्यावर पोरगी बोलकी निघाली. "मॅडम, बाळ काय करून राहिलं?"

"झोपलंय," मी म्हटलं. मी सगळ्यांना हेच सांगायचे.

डोकं पाहिलं. कवटीचा आकार पुढे निमुळता आणि मागे रुंद, स्ट्रॉबेरीसारखा. मेंदूत दोन्ही बाजूंना पाण्याच्या बारीक गाठी. मी म्हटलं, बरं, अशा गाठी पुष्कळदा आपोआप जिरतात. मग हृदयावर आले. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक. पोटावर आले, तर बेंबीपाशी एक पिशवी आणि आतडं त्या पिशवीत, पोटाच्या बाहेर. खाली पाय पाहिले. टाच मागे निघालेली आणि तळवा आरामखुर्चीच्या पायासारखा खालून गोल.

मग मूठ शोधली. पोटातलं बाळ मूठ मिटतं, उघडतं, तोंडात घालतं. या बाळाची मूठ मिटलेली होती, आणि अंगठ्याशेजारचं बोट मधल्या बोटावर चढलेलं, करंगळी शेजारच्या बोटावर. तिला कुशीवर वळवलं. खोकायला लावलं. थंड पाणी पाजून बाहेर फेऱ्या मारायला लावल्या. अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं. मूठ तशीच होती, दोन्ही हातांची. माझ्यासोबत काम करणारी सुकवारो पोटावरचं जेल पुसायला कापूस घेऊन उभी होती. ती माझ्या तोंडाकडे पाहत तशीच उभी राहिली. तीस वर्षांत मी अशी मूठ अनेकदा पाहिली असेल, तरी दर वेळी मी हबकायचेच. अठरा नंबरची तिकडी. अशी बहुतेक बाळं पोटातच जातात. जी जन्मतात, त्यांतली बरीचशी काही तासांची, काही दिवसांची सोबती असतात.

"झालं का, मॅडम?"

"झालं. कपडे नीट कर, बाहेर बस. घरातलं मोठं कोण आलंय?"

"बाबा हायेत ना," ती म्हणाली आणि हसत उठली.

हटवार काकांना मी केबिनमध्ये बसवलं. रिपोर्ट हातात दिला आणि एकेक गोष्ट समजावून सांगितली. डोकं, हृदय, आतडी, पाय, मूठ. गर्भजल तपासावं लागेल म्हटलं. दोष नक्की झाला तर काय करायचं ते तुम्ही ठरवा. कायद्यात चोवीस आठवड्यांपर्यंत एक रस्ता आहे, त्यापुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. म्हणजे हातात पाच आठवडे आहेत. ते शांत बसून ऐकत होते. मला वाटलं, माणूस खंबीर आहे.

मग ते फाइल मांडीवरून उचलून उभे राहिले. "आमच्या बहिणीच्या सुनेले असंच सांगतलं होतं, मॅडम. बच्चा ठीक नाई म्हणे. पाडलं. मागून तिथल्या आयानं सांगतलं, पोट्टी होती, चांगली धडधाकट होती. आता पोट्टी हाये असं सरळ सांगता येत नाई, म्हून असं सांगून राहिले लोक."

मला आधी कळेचना हे काय बोलताहेत. कळलं तेव्हा मी म्हटलं, "काका, तसं काही नाही. मी तसली डॉक्टर नाही."

"कोणीच नसते. मले दोन पोट्ट्या हायेत. दोघी शिकल्या, दोघी नौकरी करून राहिल्या. आमच्या घरी पोट्टी चालते, मॅडम. तिच्या हातापायात खोट नोका काढू."

पोटात मुलगा होता.

मला ते स्पष्ट दिसलं होतं. आम्हाला दिसतंच, आम्ही बोलत नाही. एक वाक्य, काका, मुलगा आहे, आणि तो माणूस तिथल्या तिथे खाली बसला असता. त्याला माझा शब्दन् शब्द पटला असता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. भिंतीवर तो हिंदी बोर्ड होता, खाली माझं नाव होतं. तीस वर्षांत मी कोणाला कधी डोळ्यानंही खूण केलेली नव्हती, त्याचा मला गर्व होता. मी गप्प बसले. तो नियम मोडायला हवा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण ज्या कायद्यानं पोरी वाचाव्यात, त्या कायद्यामुळे मी एका चांगल्या माणसासमोर चोरासारखी बसले होते.

दाराशी जाऊन ते वळले. "अन् यातलं एक अक्षर माझ्या सुनेले सांगू नोका. घाबरून जाईल पोट्टी."

आणि मी मान हलवली. ती मान मी का हलवली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

तिला पाठवणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना मी लगेच फोन केला. त्यांनी फाइलवरच्या नंबरवर दोनदा लावला. काकांनी सांगितलं, आम्ही दुसरीकडे दाखवून राहिलो. आठवड्याभरात माझ्याच दारात चौकशीचं पथक उभं. तक्रार आली होती की ही डॉक्टर दोषाच्या नावाखाली मुलगी पाडायला सांगते. माझी रजिस्टरं उचलली, फॉर्म तपासले, यंत्राला सील लावलं. सुकवारो बाहेर पेशंटना हात जोडून परत पाठवत होती. ज्या गोष्टीसाठी मी लोकांशी भांडले, रंगाचं कार्ड आणणाऱ्याला वाटेला लावलं, तीच माझ्या कपाळी चिकटवली गेली. दोन आठवड्यांनी काहीच निघालं नाही, सील काढलं, अधिकारी सॉरी म्हणून गेले. तोवर मी संतापानं जेवण टाकलं होतं.

त्या संतापात एक गोष्ट मी केली नाही. पल्लवीनं आमच्याकडे सही केलेला फॉर्म माझ्या कपाटात होता. त्यावर पत्ता होता, सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर, सगळं. माझ्या दवाखान्यापासून स्कूटरनं दहा मिनिटं. मी रोज कॅलेंडरकडे पाहायचे, एकविसावा आठवडा, बाविसावा, तेविसावा. रोज मनात म्हणायचे, ज्यांनी माझ्या तोंडाला काळं फासलं त्यांच्या दारात मी जायचं? नाक वर ठेवण्याच्या नादात चोविसावा आठवडाही गेला. कायद्यानं या बाबतीत मंजुरी फक्त त्या बाईची लागते. सासऱ्याची नाही, नवऱ्याचीही नाही. हे मला पाठ होतं, आणि तिलाच काही माहीत नव्हतं.

मग सातव्या महिन्याच्या अखेरीस ती एकटी आली.

दुपारी सुकवारो आत येऊन तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "मैडम, वो हटवार वाली नोनी आए हे. अकेल्ला." नोनी म्हणजे पोरगी. हातात हिरव्या बांगड्या, पोट महिन्याच्या मानानं फार मोठं. ओटी भरली होती, दोन दिवसांनी माहेरी गोंदियाकडे जायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच आहे. म्हणाली, "बाबा तुमच्याकडे जाऊ नोको म्हणतात. मी मैत्रिणीकडे जातो म्हून सांगतलं. मॅडम, बाळ लय कमी हलते. कावून हलत नाई?"

मी तिला टेबलवर घेतलं. पाणी फार साचलं होतं, म्हणून पोट मोठं. बाळ मात्र बारीक, सहा-सात आठवडे मागे पडलेलं. आतडी बाहेरच. मूठ मिटलेली. खोलीत मी, ती आणि सुकवारो. याहून सोयीची वेळ देवानंही दिली नसती.

आणि मी म्हणाले, "घरच्यांना घेऊन ये. मग बोलू."

"ते नाई येणार."

"मग नवऱ्याला आण."

"त्याची बी शिफ्ट हाये. मलेच सांगा ना, मॅडम. मी काई लहान नाई."

"कमी हलतं कधीकधी. मोठ्या माणसाला घेऊन ये, बेटा."

चौकशीची आग विझून जेमतेम दोन महिने झाले होते. एकटी बाई, साक्षीला कोणी नाही, उद्या पुन्हा तक्रार झाली तर? हे मी मनातल्या मनात स्वतःला पटवत होते. तिनं पोट पुसलं, पदर सारखा केला, आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. ती गेल्यावर सुकवारो हळूच म्हणाली, "नोनी ला बताना रिहिस, मैडम." पोरीला सांगायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. मी तिच्यावर खेकसले. आपलं काम कर म्हटलं.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी माझ्या रोजच्या यादीत पुन्हा पल्लवीचं नाव आलं. मला वाटलं, पुन्हा दिवस गेले असतील. आत आली ती सपाट पोटाची. मी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"बाबा हायेत. ते बाहेरच बसतात." उघड्या दारातून मला दिसलं, हटवार काका बाकाच्या टोकाला बसले होते. मान खाली. मला पाहून ते उठले नाहीत आणि नजरही वर केली नाही. माझ्या मनात त्यांच्यासाठी साठवून ठेवलेलं पुष्कळ होतं. ते सगळं तिथेच गळून गेलं.

ती टेबलवर बसली नाही, स्टुलावर बसली. माहेरी आठवा महिना सरता सरता बाळाचे ठोके मंदावायला लागले, म्हणून तातडीनं पोट फाडून काढलं. मुलगा. काढल्याबरोबर कपड्यात गुंडाळून ॲम्ब्युलन्समधून नागपूरला नेला, काचेच्या पेटीत ठेवला. नवरा त्याच्यासोबत, सासरे त्याच्यासोबत. ती टाके घेऊन गोंदियाला खाटेवर. दीड दिवस तो जगला.

"मी पाह्यलंच नाई त्याले," ती म्हणाली. "दूध आलं होतं, अन् तो तिकडे. तिथल्या डॉक्टरनं यांना इचारलं, तुमाले पयलेच सांगतलं नव्हतं काय? तवा बाबा खाली बसले. मग घरी येऊन कपाटातून कागद काढला अन् मले देला. मले माहीत असतं तर मी त्याले कुठंच नेऊ देलं नसतं, मॅडम. पोट बी फाडू देलं नसतं. मांडीवर घेऊन बसली असती. दीड दिवस तं दीड दिवस."

इतकी वर्षं मी समजत होते की माहिती कशासाठी, तर बाळ ठेवायचं की नाही हे ठरवायला. चोवीस आठवडे, बोर्ड, कायदा, माझा सगळा हिशेब तिथवरच. दीड दिवस मांडीवर घ्यायला मिळावं म्हणूनही कोणाला आधी कळायला हवं असतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी स्पष्टीकरण द्यायला लागले. लाज वाटते, पण दिलं. म्हटलं, "पल्लवी, तुझ्या सासऱ्यांना वाटलं, पोटात मुलगी आहे म्हणून मी असं सांगतेय. मुलगा आहे एवढं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, पण कायद्यानं मला ते सांगता येत नाही. माझे हात बांधलेले होते."

ती माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबली.

"मी मुलगा की मुलगी हे नव्हतं इचारलं, मॅडम. बाळ कावून हलत नाई, हे इचारलं होतं."

सुकवारोनं न सांगता खोलीचा मोठा दिवा लावला.

पल्लवीनं पिशवीतून तो जुना रिपोर्ट काढला, घड्या उलगडल्या आणि माझ्यासमोर ठेवला. "आता वाचून दाखवा. मले. इंग्रजी मले थोडं येते, पण हे डॉक्टरी हाये."

मी वाचलं. एकेक ओळ, मराठीत. डोकं असं होतं. ती म्हणाली, म्हणजे कसं? मी कागदावर काढून दाखवलं. हृदयात इथे भोक होतं. आतडी इथून बाहेर आली होती. पाय असे होते. मूठ अशी होती. मी माझीच मूठ वळून दाखवली, कोणतं बोट कशावर होतं ते. तिनं स्वतःच्या हाताची बोटं तशीच एकावर एक घालून पाहिली आणि हात थोडा वेळ तसाच ठेवला. ती रडली नाही. मग तिनं विचारलं, त्याला दुखत होतं का? पोटात? मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं उत्तर होतं.

रिपोर्ट संपला असं समजून मी कागद खाली ठेवला. तिनं तो उचलला आणि अगदी तळाशी बोट ठेवलं. "ही एक ओळ राह्यली. ही मले वाचता येते."

ती ओळ प्रत्येक रिपोर्टखाली इंग्रजीत आपोआप छापून यायची. यंत्रासोबतच्या नमुन्यातच होती, मी कधी वाचलीही नव्हती. 'निष्कर्ष रुग्णास समजावून सांगितले आहेत.' त्याखाली माझी सही.

"हे खोटं हाये ना, मॅडम?"

"हो," मी म्हटलं.

"मग तसं लिहा."

मी पेन घेतलं, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं, पल्लवीला सांगितलं नाही. मग पुन्हा सही केली आणि कागद तिच्या हातात दिला.